अळणी खिमा

भजं गरम आहे, एवढंच अजीजुन्निसाला कळलं. पुण्याच्या मंडईमागच्या बोळात, तेलानं काळ्या झालेल्या एका फळीपुढे ती उभी होती. हातात पळसाचं पान, पानावर कांद्याची भजी. शेजारी बयाबाई तोंडातून वाफा सोडत, डोळे मिटून म्हणत होती, "आई गं, काय तिकाट क्येलंय मेल्यानं!" तिखट. अजीजुन्निसानं दुसरं भजं मोडलं, तुकडा जिभेच्या टोकावर ठेवला, टाळूला दाबला, मग या गालातून त्या गालात नेला. गरम होतं. कुरकुरीत होतं. तेल ओठांना लागत होतं. पण तिखट कुठं होतं? मीठ कुठं होतं? ओळखीचं माणूस दारात येऊन उभं राहावं, आणि त्याचं नाव काही केल्या आठवू नये, तसं जिभेवर काहीतरी येऊन नुसतं उभं होतं. तिनं घास गिळला. "काय भाबी, कसं हाय?" बयाबाईनं विचारलं. "बरं हाय," अजीजुन्निसा म्हणाली. बयाबाईचे डोळे खाडकन उघडले. परसाला परस लागून इतकी वर्षं काढलेली बाई ती. अजीजुन्निसाच्या तोंडून कुठल्याही खाण्याला नुसतं 'बरं' म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. बयाबाईच्या मुलीच्या लग्नात हिनं जिलबी हातात धरून उन्हात बघितली होती आणि भरल्या मांडवात म्हणाली होती, "जिलबी चांगली हाय, हलवायाला फकस्त सांगा, फुडल्या खेपेला आंगोळ करून ये." ती बाई आज भज्याला बरं म्हणत होती. "भाबी," बयाबाई हळूच म्हणाली, "तुमाला ताप-बीप हाय का वो?"

ताप नव्हता. काय होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. लोणावळ्याच्या बाजारात पान-तंबाखूच्या दुकानावर जे माडीचं घर आहे, त्या घरात ती नवलाख उंबरे गावाहून लग्न करून आली, तेव्हापासून त्या घराच्या उंबऱ्याआत विकतचं अन्न आलं नव्हतं. आलं नव्हतं म्हणजे तिनं येऊ दिलं नव्हतं. तिच्या लेखी विकतचं खाणं हे चूल विझलेल्या घराचं, आजारी बाईचं, नाहीतर आळशी बाईचं लक्षण. नवरा दस्तगीर गरीब स्वभावाचा माणूस. कधीमधी स्टेशनवर पानाच्या करंड्या सोडवायला जायचा आणि तिथल्या भजीवाल्यापाशी रेंगाळायचा. धोतराच्या सोग्याला तोंड पुसून, वर वेलदोडा चावून घरी यायचा. ही पायरीवरच त्याला अडवायची. "बाहीला कुणाच्या कढईचा वास येतोय? मी मेले का काय?" तो हसायचा. हसला की दातात अडकलेली कोथिंबीर दिसायची. तो गेला त्याला आता दोन हिवाळे झाले होते, आणि अजूनही संध्याकाळची गाडी थांबली की अजीजुन्निसाचं नाक आपोआप जिन्याकडे वळायचं. आज मात्र तीच अजीजुन्निसा सकाळच्या गाडीनं जनाना डब्यात बसून, बयाबाईच्या घेवड्याच्या पाटीला गुडघा टेकून, पुण्याला आली होती. घरी सांगितलं होतं, लष्कर भागातल्या दर्ग्याला जाते, नवस आहे. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण असं होतं की पुण्यात तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि जिथं कुणी ओळखत नाही तिथंच रस्त्यावर उभं राहून, या टपरीवरून त्या टपरीवर जाऊन, आपली जीभ जिवंत आहे की मेली ते बघता येतं. लोणावळ्यात हे केलं असतं तर दुपारच्या आत शेजारच्या वळवण गावापर्यंत बातमी गेली असती.

"आता भ्येळ खाऊ," बयाबाई म्हणाली. तिचा घेवडा सकाळीच उठला होता, रिकामी पाटी तिनं कमरेला लावली होती, आणि पुण्यातलं स्वस्त खाणं कुठं मिळतं ते दाखवायला मिळालं म्हणून ती फुशारली होती. "हितं कोपऱ्यावर मिळती बगा, पर तो चुरमुऱ्यानंच पॉट भरतो. फुडं तालमीपाशी एक म्हातारा हाय, त्यो चिंच घालतो खरी. पैलवान बी त्याच्याकडं खात्यात. पैलवान कुटं खात्यात त्ये बगावं भाबी, त्यास्नी महाग बी परवडत न्हाई आन कमी बी चालत न्हाई." अजीजुन्निसा तिच्या मागून चालत होती. बुरख्याची जाळी ओठांपुरती वर केलेली, काखेत घरून आणलेला पितळी डबा. डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी. सवयीनं बांधून घेतलेली. बाहेर पडायचं तर घरचं अन्न बरोबर हवं. आणि ते उघडून बघायचं धैर्य होत नव्हतं, कारण त्या चटणीची चव आपल्याला माहीत आहे की लागते आहे, हे आता तिला सांगता आलं नसतं. भेळ आली. चुरमुऱ्यांचा चुरचुर आवाज कानात आला. चिंचेचं पाणी बोटांवरून मनगटाकडे ओघळलं, ते नुसतं थंड लागलं. आंबट? असावं. बयाबाईचा चेहरा आंबट झाला होता, तेव्हा असावं. जाळी खाली ओढून अजीजुन्निसा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि उरलेली भेळ तिनं एका शेळीपुढे ठेवली.

हे सगळं रमजानात सुरू झालं होतं. खरं म्हणजे रमजान हा तिचा महिना. बाकीचे अकरा महिने कुणीही स्वयंपाक करावा आणि चाखून चाखून मीठ घालावं. त्यात कसली अक्कल? रोज्याच्या दिवसांत संध्याकाळचं सालन दुपारीच शिजायला ठेवायचं, आणि जिभेला काही लावायचं नाही, तेव्हा बाईचा हात कळतो. गल्लीतल्या काही जणी जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकत. नवरा तापट असेल तर तेवढं चालतं, असं कुण्या मौलवीनं सांगितलंय म्हणत. अजीजुन्निसा त्यांना विचारायची, "नवरा तापट हाय का हात थंड हाय?" तिनं कधी जिभेला लावलं नाही. हंडीवर झाकण सरकवायचं, मुठीत खडेमीठ घ्यायचं, डोळे मिटायचे आणि सोडायचं. मीठ रश्श्यात पडताना जो आवाज होतो तो तिला ऐकू यायचा. आधी टपटप, मग जरा जड, मग एकदम गप्प. गप्प झालं की हात थांबायचा. तिचा हात एकदाही चुकला नव्हता. शेजारपाजारच्या पोरी हंडीसकट तिच्या दारात यायच्या, "खाला, तुमीच टाका," म्हणायच्या, आणि ती हंडीत बघून टाकायची. ईदच्या दिवशी मशिदीत जाणारा मोठा हंडा तिच्या हातच्या मिठाशिवाय उतरायचा नाही. शाळा तिनं पाहिली ती लांबून. सही म्हणून अंगठाच. पण मीठ! मिठाचं तिला कुणी शिकवायचं काम नव्हतं.

आणि या रमजानात, शेवटचे रोजे चालू असताना, दुपारच्या नमाजानंतर जानमाजची चटई गुंडाळून ती तस्बीची माळ घ्यायला मागच्या खोलीत गेली, तेव्हा दाराच्या फटीतून तिला मुमताज दिसली. मुमताज, तिची सून, ताजुद्दीनची बायको. चुलीपाशी उकिडवी बसलेली, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिनं पळीनं हंडीतून कणकेचा गोळा बाहेर काढला. फुगलेला, रश्श्यानं तांबूस झालेला. तो तिनं परसात कोंबड्यांपुढे टाकला, मग दुसरा, पांढरा, तसाच वळून हंडीत सोडला. ही चाल अजीजुन्निसाला जन्मापासून माहीत होती. सालन खारट झालं की कणकेचा गोळा सोडतात. गोळा मीठ शोषून घेतो. दुसरा गोळा सोडायचा म्हणजे एकानं भागलेलं नाही. कोंबड्या सरावल्यासारख्या धावत आल्या होत्या. तिला हादरवलं ते सुनेच्या हातानं नव्हे, या कोंबड्यांनी. त्यांना वेळ माहीत होती. म्हणजे हे आजचं नव्हतं. म्हणजे महिनाभर हे घर सुनेच्या मिठावर जेवत होतं. तिनं मुमताजला तिथल्या तिथं हाक मारायला हवी होती. तिच्या तोंडाला उत्तरांची कधी कमी पडली नव्हती. पण ती हलली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली: मीठ चुकलं, ते चुकलं; पण मी ते रोज त्याच पंगतीत बसून खाल्लं आणि मला काहीच कळलं नाही? खजूर, पाणी, मग दोन घास भाकरी सालनात बुडवून, मग पान. महिनाभर. एकदाही जीभ म्हणाली नाही की हा हात तुझा नाही. त्या रात्री तिनं मिठाचा एक खडा जिभेवर ठेवला. खारट लागला, पण कसा? घाटातल्या बोगद्यात गाडी शिरल्यावर शिट्टी ऐकू येते तसा. आहे, पण डोंगरापलीकडे. त्या दिवसापासून ती घाबरून जेवायला लागली. आणि घाबरून खाल्लेल्या घासाला कुठली चव येणार? पण हे तेव्हा तिला कुणी सांगितलं नाही, कारण तिनं कुणाला विचारलं नाही.

मंडईतून लष्करात जायचा रस्ता लांब होता. बयाबाई बोलत होती. लढाईपायी सगळं महाग झालंय, देहूरोडला गोऱ्यांचा डेपो झाल्यापासून घेवडासुद्धा तिकडेच उचलतात. अजीजुन्निसा 'व्हय, व्हय' म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे तिची सासू होती. सासूची जीभ गेली ती अशीच, कुणाच्या लक्षात न येता. एका ईदला शिरखुर्म्यात साखरेऐवजी मीठ पडलं, आणि म्हातारी वाटी पुसून खात होती, आणखी मागत होती. कुणी तिला काही बोललं नाही. भांडण नाही, अपमान नाही. दुसऱ्या दिवशी फक्त पळी दुसऱ्या हातात गेली, अजीजुन्निसाच्या. म्हातारीला सूप दिलं, तांदूळ निवडायला, बाहेर ओट्यावर. "अम्मा, तुमी आराम करा." मग ओट्यावरून तिला काहीच दिसेना, ऐकू येईना, घरात कुणाचं लग्न ठरतंय, कोण कुणाशी बोलत नाही, हे तिला शेजारणीकडून कळायला लागलं. ती रागावून बोलायची तेव्हा पोरं हसायची. चुलीपुढे बसून बोललं की ते बोलणं, आणि ओट्यावर बसून बोललं की ती बडबड. शब्द तेच असतात. हे अजीजुन्निसानं तेव्हाच पाहून ठेवलं होतं, आणि इतकी वर्षं ते तिच्या मनात कुठंतरी ठेवणीतल्या लुगड्यासारखं घडी घालून पडलं होतं. आता त्याची घडी मोडायची वेळ आली. मुमताज वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. ती म्हणेल, "अम्मा, तुमी आराम करा." अगदी गोड आवाजात म्हणेल.

दर्ग्यात ती बायकांच्या बाजूला जाळीपाशी बसली. ऊद जळत होता. तो नाकाला नीट कळला, त्यानं थोडा धीर आला. तिनं हात पसरले. पण मागायचं काय? जीभ दे? ओळखीच्या कुणी ऐकलं असतं तर पोट धरून हसलं असतं. जीभ तर अल्लानं हिला साऱ्या बाजाराला पुरून उरेल इतकी आधीच दिली होती. तिनं काहीच मागितलं नाही. नुसती बसून राहिली. निघताना पायरीवरच्या आंधळ्या फकिरापुढे तिनं घरची भाकरी-चटणी ठेवली. तो हातानं चाचपून खायला लागला आणि एकदम म्हणाला, "माई, लसूण भारी आहे गं!" तिला त्याचा हेवा वाटला.

बाहेर रस्त्याच्या कडेला, वडाखाली, खिमेवाल्याची गाडी होती. परातीत खिम्याचा ढीग, कडेनं तेल सुटलेलं, खाली कोळसे, शेजारी फडक्यात पाव. भोवती लष्करातले कामगार, टांगेवाले, दोन शिपाई उभ्या-उभ्या खात होते. इथं खूप लोक खातात, म्हणजे इथं स्वस्त असणार, हे ती बयाबाईकडून एका दिवसात शिकली होती. बयाबाई मात्र रस्त्यापलीकडेच थांबली. नाकाला पदर लावला. "तुमी खावा भाबी, मी हितं पाटी राखते." "रिकामी पाटी कोन नेतोय तुजी?" "न्हेली तर?" बयाबाई म्हणाली आणि झाडाच्या बुंध्याला टेकून तिनं तोंड फिरवलं. अजीजुन्निसा पुढे झाली. ही शेवटची, तिनं मनाशी ठरवलं. इथंही काही लागलं नाही तर घरी जायचं, आपल्या हातानं पळी मुमताजला द्यायची, आणि ती म्हणायच्या आधी आपण म्हणायचं. निदान बोलण्यात तरी आपण पहिले. खिमेवाल्यानं वाडग्यात खिमा वाढला, वर कांदा टाकला. दाढीला मेंदी लावलेला, ओठ सुकलेला माणूस. तिनं पाव मोडला, खिम्यात दाबला, जाळीखालून तोंडात घातला. चावली. थांबली. परत चावली. आलं होतं. धने होते, जरा जास्त भाजलेले. कांदा तळाला लागलेला होता, पण करपला नव्हता. मिरची हिरवी आणि लाल दोन्ही. हे सगळं एकामागून एक, गाडीचे डबे स्टेशनात शिरावेत तसं, जिभेवर येऊन लागलं, आणि मग एक मोकळी जागा आली. तिथं काहीतरी यायला हवं होतं आणि आलं नव्हतं. तिला सुचायच्या आत तिचं तोंड बोलून गेलं होतं.

"ह्यात मीठ न्हाई."

खिमेवाला पळी हलवता हलवता थांबला. "काय, बीबी?"

"मीठ न्हाई ह्यात. येवढा खिमा बनवलास, धने भाजलेस, आलं ताजं घातलंस आन मीठ न्हाई घातलं. सासऱ्याच्या घरनं आनायचं होतं का?"

"बीबी, सकाळपासून लोक खातायत, कुणी काही बोललं नाही."

"लोक भुकेले हायेत, म्हनून बोलले न्हाईत. मी भुकेली न्हाई. तू चाखून बग."

"मी नाही चाखू शकत." तो खजील झाला. "रोजा आहे माझा. ईदनंतरचे सहा रोजे असतात ना शव्वालचे, ते ठेवतोय. अंदाजानं टाकतो मी मीठ. वीस वर्षं टाकतोय, हात चुकत नाही माझा."

एक टांगेवाला पावाचा तुकडा चावत म्हणाला, "मला बी मघाधरनं काय तरी कमी वाटतंय, मला वाटलं माजंच तोंड आलंय." शिपाई हसले. खिमेवाल्यानं परातीकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे, जणू तो हात कुणा दुसऱ्याचा होता आणि कामाला आज नवा लागला होता. "सकाळी पोरगी आजारी होती," तो हळूच म्हणाला, कुणाला उद्देशून नाही. "मीठ टाकायचंच राहिलं असंल."

अजीजुन्निसानं जाळी वर केली. रस्त्यात, भर बाजारात, चार परपुरुषांपुढे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती. बयाबाई पलीकडून घाबरून बघत होती. हा माणूस रोजा धरून, न चाखता, नुसत्या हातानं मीठ टाकतो, आणि त्याचा हात चुकला, आणि त्याची जीभ जिथल्या तिथं आहे! मग तिची का गेली असणार? तिची जीभ आत्ता बोलली होती. भजी-भेळीला जी घाबरून दडून बसली होती, ती खोट काढायची वेळ आली तेव्हा आपण होऊन बाहेर आली होती. तिला कळलं, महिनाभर तिला काहीच का कळलं नव्हतं. कारण काही चुकलेलंच नव्हतं. पंगतीत वाढलं जाई तेव्हा मुमताजनं सगळं सारखं करून ठेवलेलं असे. अळणी नाही, खारट नाही. नीट असलेल्या सालनात जीभ काय बोलणार? ती चोख होती. चूक हाताची होती.

"भर हा डबा," ती म्हणाली आणि रिकामा पितळी डबा पुढे केला. "मीठ घालून देतो, बीबी, थांबा." "मीठ घालू नगंस," ती जोरात म्हणाली. "असाच दे. आळनीच." खिमेवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. शहरात नाना तऱ्हेची माणसं येतात, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यानं डबा भरला, वर पाव ठेवले. ती वळली, दोन पावलं गेली, परत आली. "आन तुजी पोरगी बरी व्हईल," ती म्हणाली. "धने जरा कमी भाज."

परतीच्या गाडीत बयाबाईला राहवलं नाही. "भाबी, इकतचं खानं घरात न्हेता व्हय तुमी? आज सुर्व्या पच्चिमेला उगवला का काय?" "गप बस. तुज्या भज्यात तेल जुनं व्हतं." "आत्ता कळलं व्हय तुमाला? तवा तर बरं म्हनत व्हता!" "तवा तोंड भाजलं व्हतं माजं," अजीजुन्निसा म्हणाली, आणि बयाबाईला एकदम हायसं वाटलं; ही नेहमीची बाई होती. पाटी मांडीवर घेऊन ती डुलक्या काढू लागली. खिडकीबाहेर तळेगाव मागं पडलं, भाताची खाचरं कापणीला आलेली, उन्हाचा रंग उतरलेला. अजीजुन्निसा आपला उजवा हात उलटसुलट करून बघत होती. तो तसाच होता. नखांना मेंदीचा जुना डाग, करंगळीला पानाच्या कातरीचा व्रण. तिनं मूठ मिटली, जशी मिठाला मिटते. आणि तिला ती हंडी दिसली. कुठली? ती मोठी, दोन कानांची. जिच्यात सगळ्यांचं शिजायचं. दस्तगीर, त्याचा धाकटा भाऊ, ती, ताजुद्दीन, लेकी, जावई ईदला, दुकानावरचा गडी. त्या हंडीला ही मूठ बरोबर होती. ती हंडी आता माळ्यावर होती. लेकी आपापल्या घरी गेल्या, दीर यंदा वेगळा झाला, आणि दस्तगीर… आता चुलीवर असायची ती लहान हंडी, ताजुद्दीन, मुमताज आणि ती, एवढ्यांपुरती. डोळ्यांना ती लहान दिसायची. पण मीठ टाकताना डोळे मिटलेले असत. हात मेलेला नव्हता. हात फक्त अजून सगळ्यांना मोजून घेत होता. तिनं मूठ हळूहळू उघडली. तळवा रिकामा होता, आणि गाडी वळणावर कलली तशी त्याच्यावर खिडकीतून ऊन आलं. तो गेल्यापासून पहिल्यांदाच तिला दस्तगीर आठवला तो आजारी न दिसता. दातात कोथिंबीर अडकलेला, पायरीवर हसत उभा.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. मुमताज कंदिलाची काच पुसत होती. तिनं डबा पाहिला, मग सासूकडे पाहिलं, मग परत डब्याकडे. झाकण उघडलं आणि वास आला, तसा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "अम्मा, हे… भायेरचं?"

"भायेरचं. गरम कर."

मुमताजनं निखाऱ्यावर पातेलं ठेवलं. ताजुद्दीन खालून दुकान बंद करून वर आला, विकतचा खिमा पाहिला आणि दारातच थबकला. आईच्या घरात असं काही होतं म्हणजे कुणीतरी गेलं असलं पाहिजे, असं त्याला वाटलं. "आई, सगळं ठीक हाय ना?" "बस खाली. मेलं न्हाई कुनी." अजीजुन्निसा चुलीपाशी, रोजच्या पाटावर बसली. खिमा उकळायला लागला. तिनं मिठाची बरणी उचलली. मुमताजचा हात थांबला, डोळे बरणीवर खिळले. त्या डोळ्यांत महिनाभराच्या सगळ्या दुपारी, सगळे गोळे, सगळ्या कोंबड्या अजीजुन्निसाला दिसल्या. पोर घाबरलेली होती. आपल्यालाच घाबरून ती महिनाभर चोरून घर सांभाळत होती. तिनं बरणी मुमताजपुढे सरकवली.

"मीठ न्हाई ह्यात. घाल."

"मी?"

"मग काय त्या कोंबड्यास्नी सांगू?"

ताजुद्दीननं एकदा आईकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं. त्याला काही कळलं नाही, पण गप्प बसावं एवढं कळलं. "अम्मा, मी… तुमाला कवा…" "खिमा तळाला लागंल," अजीजुन्निसा म्हणाली. मुमताजनं बरणीत बोटं घातली. मूठ नव्हे, तीन बोटांची चिमूट. मग अर्धी आणखी. सासूकडे न बघता, उघड्या डोळ्यांनी, पातेल्यात बघत. टपटप झालं आणि गप्प झालं. अजीजुन्निसानं तो आवाज ऐकला. तिच्या आवाजासारखा नव्हता. लहान पातेल्याचा आवाज होता.

वाढून झालं. मुमताज ताट पुढे ठेवून तशीच उभी राहिली, हात पुसत, एखाद्या परीक्षेला बसल्यासारखी. अजीजुन्निसानं पाव मोडला, घास घेतला. जीभ जिथल्या तिथं होती. आलं, धने, मिरची, आणि मघा जी जागा मोकळी होती तिथं आता मीठ येऊन नीट बसलं होतं. कमी नाही, जास्त नाही. तिनं घास सावकाश गिळला. दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होती. तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि ताटातला कांदा एका बाजूला सारला.

"जरा जास्त झालंय," ती म्हणाली. "पर चालंल. बस, तू बी जेव. उद्यापास्नं तूच घाल, मी बसून सांगीन."

जास्त झालेलं नव्हतं.